लेकीला नर्सिंगच करायचंय. तुम्ही या क्षेत्रात का आलात, खरं कारण सांगाल का?

बार्शीची आई

नमस्कार. इथं बऱ्याच सिस्टर, ब्रदर, एएनएम (गावपाड्यांवरच्या नर्सबाई) लिहितात असं दिसलं म्हणून धीर करून विचारते.

माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. पीसीबीला चांगले मार्क आहेत. नीटचा फॉर्म तिनं भरलाच नाही. तिला बीएस्सी नर्सिंग करायचंय, आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून नव्हे. अकरावीपासून तिचं हेच चाललंय.

याची सुरुवात माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात झाली. तोंडाचा कॅन्सर. कॅन्सर हॉस्पिटल गावातच असल्यामुळे आम्हाला मुंबई-पुणे करावं लागलं नाही, हा बार्शीकरांना फार मोठा आधार आहे. शेक (रेडिएशन) चालू असताना त्यांना गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. घरी सोडताना तिथल्या सिस्टर म्हणाल्या, घरातल्या एकानं तरी नळीतून भरवायला शिकून घ्या. मी सिरिंज हातात धरली आणि हात कापायला लागले. मिस्टर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. लेक पुढं झाली.

आजोबांना उशा लावून बसतं करायचं. नळीवरची खूण नाकपुडीपाशीच आहे ना, ते बघायचं. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी जोडायची, गाळलेली पेज ओतायची आणि हात वर-खाली करून वेग सांभाळायचा. ढकलायचं नाही. शेवटी पाणी घालून नळी धुवायची आणि अर्धा तास तरी त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही. हे सगळं ती शाळा-क्लास सांभाळून करत होती. वहीत वेळ आणि किती दिलं ते लिहीत होती. ते लिहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे गेल्या कार्तिकात गेले. वही तिनं अजून ठेवली आहे.

आता घरात वाद चालू आहेत. नणंद म्हणते, बारावीला एवढे मार्क मिळवून लोकांचं हगणं-मुतणं काढायला पाठवणार का? नाईट ड्यूटीवाली सून कोण करून घेतं? अरुणा शानबागचं काय झालं ते विसरलात का? मिस्टर असं काही बोलत नाहीत, पण ‘एवढी आवड आहे तर डॉक्टर का नको’ हा त्यांचा प्रश्न आहे. लेकीला विचारलं तर ती म्हणते, “मला तेच करायचंय जे त्या सिस्टर करत होत्या.” याच्यापुढं तिला सांगता येत नाही, आणि मलाही ते कुणाला पटवून देता येत नाही.

तर तुम्ही का आलात? सत्कारात सांगतात ते नको, तुमचं स्वतःचं कारण सांगा.

खानदेशी ब्रदर

काकू, मी शहादा तालुक्यातला. वडील सालदार होते. मी बारावी आर्ट्स. मावसभाऊ जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून सरकारी नोकरीला लागला होता. त्यानं घरावर स्लॅब टाकला, तो आमच्या सगळ्या भाऊबंदांनी बघितला. जीएनएमला कोणतीही शाखा चालते, इंग्रजी विषय हवा, तीन वर्षांत हातात रजिस्ट्रेशन येतं. एवढा हिशोब करून मी आलो. मला नोकरी हवी होती, आणि यात कमीपणा आहे असं मला कधीच वाटलं नाही. गरिबाघरच्या मुलानं पगार बघूनच कोर्स निवडावा.

तुमच्या नणंदबाईंनी अंग पुसणं, घाण काढणं याबद्दल म्हटलंय, त्यावर मात्र बोलतो. पहिल्या वर्षाला मेडिसिन वॉर्डात एक धुळ्याकडचे बाबा होते. अर्धांगवायू झालेला, उजवी बाजू गेलेली. सिस्टर अंग पुसायला आल्या की डाव्या हातानं चादर घट्ट धरून ठेवायचे. सूनबाईलाही हात लावू देत नव्हते. इन्चार्ज सिस्टरनी मला पाठवलं. मी पडदा ओढला, त्यांच्याशी अहिराणीत बोललो, कुठलं गाव, काय पेरलंय. चादर अंगावर ठेवूनच एकेक भाग उघडा करून पुसला. आधी तोंड, मग हात, छाती, पाठ, पाय, मध्ये पाणी बदललं. मांडीच्या वरचा भाग आला तेव्हा ओला टॉवेल त्यांच्या डाव्या हातात दिला आणि मी तोंड फिरवलं. त्यांना जमेल तेवढं त्यांनी केलं, राहिलेलं मला करू दिलं. त्यानंतर माझी ड्यूटी कधी आहे हे ते विचारायला लागले.

त्या दिवशी मला कळलं की हे काम मला नुसतं जमत नाही, आवडतंय. नोकरीसाठी आलो तो इथं रमलो. पाठ पुसताना माकडहाडापाशी लाली आलीय का, टाचा पांढऱ्या पडल्यात का, श्वास कसा चाललाय, हे सगळं तेव्हाच दिसतं. अंग पुसणं ही तपासणीच असते. घाण काढणं एवढंच ज्यांना दिसतं, त्यांनी ते कधी जवळून बघितलेलं नसतं.

पैशाचंही सांगतो, कारण तुमच्या मिस्टरांना ते लागेल. केंद्राच्या रुग्णालयांत, एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरला लेव्हल ७ आहे, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० पासून. एम्सची परीक्षा नॉरसेट, त्यात ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना. म्हणजे तुमच्या लेकीला माझ्यापेक्षा वाट मोकळी आहे. लहान खासगी दवाखान्यांत मात्र सुरुवातीला पगार फारच तुटपुंजा देतात आणि काम दुप्पट घेतात. हे आधी माहीत असू द्या.

लातूरची सिस्टर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वही तिनं अजून ठेवली आहे हे वाचल्यावर लिहायलाच बसले.

मी औसा तालुक्यातली, किल्लारीपासून जवळच्या गावची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या आधी भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. रात्री गणपती बोळवून सगळे झोपले होते. आमच्याकडची घरं माळवदाची, दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती आणि वर मातीचा थर. तो सगळा भार अंगावर आला. माझी आई आणि धाकटा भाऊ गेले. त्याबद्दल मी इथं जास्त लिहीत नाही.

आत्या दोन्ही पायांवर भिंत पडून अडकली होती. तिला काढेपर्यंत दुपार झाली. ट्रकमधून सोलापूरच्या सिव्हिलला नेलं. वडील गावात राहिले, त्यांना आईचं आणि भावाचं करायचं होतं. आत्याजवळ मी. वॉर्डात खाटा संपल्या होत्या, खाली गाद्या, व्हरांड्यात माणसं. जो यायचा तो माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, रडू नको बाळा. बिस्किटाचे पुडे द्यायचे. मी रडत नव्हतेच. मला काहीच होत नव्हतं, नुसती बसले होते.

रात्रपाळीला एक सिस्टर आल्या. वय झालेलं, चष्मा. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी मला काहीच समजावलं नाही. आत्याच्या खाटेला लघवीची पिशवी लटकवलेली होती, ती दाखवून म्हणाल्या, “तुला आकडे वाचता येतात ना? हे बघ. या रेघा आहेत. घड्याळात तास झाला की रेघ बघायची आणि लिहायची. रंग पण लिहायचा. आता काळपट चहासारखा आहे. तो फिका व्हायला पाहिजे. अजून काळा झाला किंवा रेघ वर सरकली नाही, तर मी कुठंही असले तरी मला ओढून आणायचं.” केसपेपरच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा आणि पेन्सिल दिली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

ताई, त्या रात्री मला काम देणारं ते एकच माणूस होतं.

मी लिहायला लागले. भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि पिशवीकडे, दुसरीकडे बघतच नव्हते. मध्यरात्रीनंतर एका तासाला रेघ जिथल्या तिथं राहिली. मी सिस्टरना शोधत गेले, त्या ड्रेसिंग करत होत्या, पदर ओढला. त्या आल्या. आधी नळी हातानं चाचपत वरपर्यंत गेल्या, कुठं दुमडली किंवा मांडीखाली दबली आहे का ते बघायला. मग आत्याच्या ओटीपोटावर हात ठेवून दाबून बघितलं, तिथं फुगलंय का. दोन्ही नाही म्हटल्यावर माझ्या हातातला कागद घेतला आणि डॉक्टरांकडे अक्षरशः पळाल्या. डॉक्टर आले, कागद वाचला, दुसऱ्या हाताला सलाईन लावलं, बाटल्या भराभर सोडल्या, इंजेक्शनं झाली. पहाटे रेघ पुन्हा सरकायला लागली.

त्याचा अर्थ मला पुढं जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला कळला. मोठे स्नायू तासन् तास दबले की त्यांच्यातलं मायोग्लोबिन सुटून रक्तात येतं आणि मूत्रपिंडात जाऊन अडकतं. माणूस ढिगाऱ्याखालून जिवंत निघतो आणि मग मूत्रपिंड बंद पडून जातो. ट्यूटर फळ्यावर लिहीत होत्या आणि मला तो कागद दिसत होता. सिस्टरनी नळी का चाचपली, पोट का दाबलं, हे सगळं तेव्हा उलगडलं. लघवी येत नाही याची तीन कारणं असू शकतात आणि त्यातली दोन आपण हातानं तपासून बाजूला काढायची, मग डॉक्टरांना उठवायचं. दिवसभराच्या रेट्यानंतर, शंभर माणसांच्या गर्दीत त्या बाईंचं डोकं असं शांत चालत होतं.

आत्याचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती आहे अजून. जयपूर फूटवर चालते, भांडते, सगळं करते.

माझं कारण हे आहे. वडिलांना मी सातवीतच सांगितलं. ॲडमिशनच्या वेळी मला विचारलं तेव्हा मी ‘रुग्णसेवेची आवड’ एवढंच म्हणाले, सगळ्याच जणी तेवढंच म्हणतात. पण मला सेवेची आवड होती असं मी म्हणणार नाही. घरात, गावात सगळीकडे माणसं हताश होऊन बसलेली असताना एका बाईला पुढचं पाऊल माहीत होतं, आणि त्यातलं एक पाऊल तिनं माझ्या हातात दिलं. मला ते माहीत असलेल्यांपैकी एक व्हायचं होतं. तुमची लेक म्हणते ना, “जे त्या सिस्टर करत होत्या”, ते हेच असावं. तिचे वडील व्हरांड्यात गेले, तुमचे हात थरथरले (थरथरणारच, आपलं माणूस होतं), आणि तिला काय करायचं ते कुणीतरी शिकवल्यावर तिचे हात स्थिर झाले.

‘डॉक्टर का नको’ याचं उत्तर त्यांना असं सांगा. डॉक्टर निदान करतात, औषध ठरवतात, ऑपरेशन करतात, ते मोठं काम आहेच. पण ते राऊंडला येतात आणि जातात. पेशंटजवळ आठ तास, बारा तास नर्स असते. बिघडायला लागलं की सगळ्यात आधी तिला दिसतं. श्वास मिनिटाला अठराचा सव्वीस झाला, पेशंट उगाचच चिडचिडा झाला, रात्री कपाळ गार लागलं. बीपी उतरायच्या आधी ही लक्षणं येतात. ती टिपायची, लिहायची, योग्य वेळी योग्य शब्दांत डॉक्टरांना सांगायची, हे स्वतंत्र शास्त्र आहे. कमी मार्कांची डॉक्टरकी म्हणून त्याच्याकडे बघणं मला मान्य नाही. तिला आजोबांचा आजार काय यापेक्षा त्यांना पेज किती गेली यात रस होता. वही त्याचीच आहे.

अरुणा शानबागबद्दल. नणंदबाईंची भीती खोटी नाही. त्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला तो कामाच्या जागीच, आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पण त्यानंतरचंही सांगा ना त्यांना. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या नर्सनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, निवृत्त झालेल्यांच्या जागी नव्या मुली आल्या. इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईला एक बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) होऊ दिला नाही, तोवरच्या वर्षांचं हे सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालातसुद्धा आहे. घरी महिनाभर कुणाला अंथरुणावर सांभाळलंय त्यांना विचारा हे काय आहे. कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, हे रात्रंदिवस, बेचाळीस वर्षं. मी वॉर्डात नव्या मुलींना बॅक केअर शिकवते तेव्हा हेच सांगते.

सुरक्षिततेसाठी आवाज उठवावा लागतो, आम्ही उठवतो. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्यात नर्सही येतात. अंमलबजावणी जागोजागी वेगळी. कॉलेज बघायला जाल तेव्हा होस्टेल आणि वॉर्ड यांच्यामधला रस्ता रात्री कसा असतो ते स्वतः चालून बघा.

मोखाड्याची एएनएम

सिस्टर, तुमचं वाचून डोळे भरले.

ताई, माझं कारण वेगळं. मला पर्याय नव्हता. मिस्टर अपघातात गेले तेव्हा मुलगी दीड वर्षाची होती. सासरी राहता आलं नाही, माहेरी भावाच्या संसारात किती दिवस राहणार? एएनएम दोन वर्षांचं, सरकारी ट्रेनिंग सेंटरला नंबर लागला. मुलीला आईकडे ठेवून होस्टेलला गेले. पहिले काही महिने रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे.

आमच्या ट्यूटर मॅडमनी एक दिवस रमाबाई रानड्यांचं शिकवलं. १९०९ ला पुण्यात सेवासदन सुरू केलं, आणि विधवा बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला लावलं. त्या काळात ब्राह्मणाघरची विधवा परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणार म्हटल्यावर समाज काय बोलला असेल! तेव्हाही तुमच्या नणंदेचेच प्रश्न होते. मी वर्गात सरळ बसून ऐकत होते. माझ्यासारख्या बायका या वाटेनं शंभर वर्षं चालत आल्यात, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

आता आरोग्य उपकेंद्रात आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र धरतात, पण ती माणसं पाड्यांवर विखुरलेली. पावसाळ्यात काही पाड्यांवर ओढा उतरेपर्यंत थांबावं लागतं. लसीकरणाच्या दिवशी कॅरियर (लसींचा गार डबा) यायच्या आधी आईसपॅक नीट तयार झालेत ना, हे मी स्वतः विचारते. फ्रीजरमधून काढलेला पॅक तसाच आत घालायचा नाही. बाहेर ठेवून त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी धरून हलवायचा, आत पाणी खळखळलं की मग घ्यायचा. नाहीतर पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरच्या एकत्र लसीची) कुपी त्याला टेकून गोठते. गोठलेली लस बाहेरून तशीच दिसते, पण बाळाला तिचा उपयोग नसतो. गोवर-रुबेलाची कुपी पातळ केली की तिच्यावर वेळ लिहायची, चार तासांनी उरलेली टाकून द्यायची, मग पाड्यावर कितीही उशिरा कुणी आलं तरी. त्या आईला पुढच्या तारखेला पुन्हा चालत यायला सांगताना जीव तुटतो, पण निकामी लस टोचून पाठवणं हे पाप आहे.

माझ्या लेकीला आता शिष्यवृत्तीचा अभ्यास मी घेते. पगार माझ्या खात्यात माझ्या नावानं येतो. ताई, नाईट ड्यूटीवाली सून कुणाला नको असेल तर नसू दे. उद्या काही झालं तर तुमची मुलगी कुणाच्या दारात उभी राहणार नाही, हे माझ्यासारखीला विचारा.

खानदेशी ब्रदर

एएनएम ताई, आईसपॅकचं आम्हाला मुंबईत बसून कळत नाही. इथं लस फ्रीजमधून येते आणि आम्ही देतो. नमस्कार तुम्हाला.

बार्शीची आई

तिघांनीही इतकं मनापासून लिहिलंत, कसे आभार मानू. रात्री जेवणं झाल्यावर मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सिस्टर, तुमच्या पिशवीच्या रेघांपाशी आल्यावर ते उठून आत गेले. थोड्या वेळानं येऊन म्हणाले, फॉर्म कधी निघतात ते बघ. नणंदेला लिंक पाठवली आहे. तिचं अजून उत्तर नाही.

लेकीनं एक प्रश्न विचारायला सांगितलाय. ती म्हणते, रक्ताची, घाणीची भीती वाटत नाही. पण आजोबा गेले तेव्हा ती वहीच घेऊन बसली होती, आता काय लिहायचं म्हणून. वॉर्डात पेशंट गेला तर नर्स काय करते? रडते का?

लातूरची सिस्टर

तिला सांगा, कधी कधी रडते. मीही रडले आहे, स्टोअररूममध्ये जाऊन, अजूनही होतं. पण आधी काम असतं, आणि ते फार नीट करायचं असतं.

पेशंट गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, की लगेच वेळ लिहायची. म्हणजे वहीत शेवटची नोंद असते, तिला सांगा. मग पडदा ओढायचा. डोळे हलक्या हातानं मिटायचे, थोडा वेळ बोटं तशीच ठेवायची. सलाईन, नळ्या, कॅथेटर काढायचं. पोलीस केस असेल तर मात्र काही नळ्या तशाच ठेवाव्या लागतात, ते शिकवतात. हातपाय सरळ करायचे, हनुवटी बांधायची, उशीर केला तर अंग ताठतं आणि मग घरच्यांना वाईट दिसतं. तोंड पुसायचं, अंग पुसायचं, केस नीट करायचे. दागिने असतील तर दोघींच्या समोर मोजून, लिहून, सही घेऊन नातेवाइकांच्या हातात द्यायचे. हातापायाला नावाची चिठ्ठी. स्वच्छ चादर. आणि नातेवाइकांना आत बोलवायच्या आधी एकदा त्यांच्या नजरेनं बघायचं, जमिनीवर कापसाचा बोळा पडलाय का, चादरीवर डाग आहे का. कारण ते हे शेवटचं दृश्य जन्मभर लक्षात ठेवणार असतात. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला पाणी विचारायचं, तो घाबरलेला असतो आणि त्याच्याकडे त्या वेळी कुणाचंच लक्ष नसतं.

आजोबांच्या वेळी तिच्यापाशी करायला काही उरलं नाही असं तिला वाटलं असेल. हे सगळं कुणीतरी तेव्हाही केलं असेल, घरातल्या मोठ्यांनी. पुढं ते ती करेल.

आता ॲडमिशनचं. बीएस्सीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या वर्गाला पीसीबीत किमान ४५ टक्के, वय १७ पूर्ण. आता ही सीईटीवरून होते, सीईटी सेलच्या वेबसाइटवर तारखा येतात. परीक्षा दिली नसेल तर यंदाचं काय ते तिथंच आजच बघा. चार वर्षांचा कोर्स, आठ सेमिस्टर, शेवटी इंटर्नशिप. कॉलेज निवडताना फक्त इमारत बघू नका. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, हे कागदावर मागा. आणि कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का? नियमानं किमान १०० खाटांचं हवं. तिथं दुपारी जाऊन खाटांवर खरंच पेशंट आहेत का बघा. पेशंटच नसतील तर मुलगी चार वर्षं पुतळ्यावरच इंजेक्शन द्यायला शिकेल. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर डोळे झाकून घ्या, फी कमी आणि वॉर्ड भरलेले.

कोणत्याही संस्थेनं मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हटलं किंवा बाँड पुढं केला, तर घरी आणून नीट वाचल्याशिवाय सही करू नका. आणि प्रवेश झाल्यावर वॉर्डात पोस्टिंग सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस सुरू करा, तीन डोस असतात, आज पहिला घेतला तर दुसरा महिन्यानं आणि तिसरा सहा महिन्यांनी. कॉलेज देईल म्हणून थांबू नका.

डोमिसाईल, जातीचा दाखला असेल तर त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, हे आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. काही अडलं तर इथंच विचारा, रात्रपाळी नसेल त्या दिवशी संध्याकाळी मी बघते.